मशाल शिल्लक असताना

इ. स. १०५४ च्या सातव्या चांद्र महिन्यात पाच माणसे हातांत मशाली घेऊन चीनमधील आजच्या आन्हुई प्रांतातल्या एका गुहेत शिरली आणि ती पुरती न पाहताच बाहेर आली. घडले ते एवढेच. वाटेत दरोडेखोर आडवे आले नाहीत, कोणी दरीत कोसळले नाही, कोणाला दृष्टान्त झाला नाही. सहल फसली, इतकेच फार तर म्हणता येईल. परंतु त्या पाचांपैकी एकाने या फसलेल्या सहलीवर जेमतेम पाचशे अक्षरांचा एक लेख लिहिला आणि तो लेख चिनी वाचक साडेनऊशेहून अधिक वर्षे वाचीत आले आहेत. १६९५ मध्ये सिद्ध झालेल्या 'गूवेन ग्वानझी' या अभिजात गद्याच्या संग्रहात त्याला स्थान मिळाले. पुढे शाळकरी मुलांच्या पाठ्यपुस्तकांतही तो आला. लेखकाचे नाव वांग आन्शी. त्या वेळी त्यांचे वय तेहेतीस होते आणि शूचौ येथील दुय्यम अधिकारपदाची त्यांची मुदत नुकतीच संपली होती.

आम्हांला चिनी भाषा येत नाही. इंग्रजी भाषांतरांच्या आधाराने आम्ही हा लेख वाचला आणि आमच्या वाचकांना त्याची ओळख करून द्यावी असे मनात आले. प्रवासवर्णन म्हटले की आपणां मराठी वाचकांच्या डोळ्यांसमोर गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' किंवा पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' येते. म्हणजे बरीच पाने, बरीच माणसे, बऱ्याच गमती. चिनी 'यौजी' हा प्रकार याहून अगदी निराळा. एक जागा, एक दिवस, सोबत कोण होते त्यांची नावे, जे पाहिले ते मोजक्या शब्दांत, आणि त्यातून मनात उठलेला एखादा विचार. पुष्कळदा तर हा मजकूर त्या जागेच्या शिळेवरच कोरून ठेवीत. आठव्या-नवव्या शतकांच्या संधीवर होऊन गेलेल्या लिऊ झोंगयुआन यांनी हद्दपारीच्या काळात युंगचौ परिसरातील ओढ्या-टेकड्यांवर जे आठ लहान लेख लिहिले, त्यांतून या प्रकाराला खरे रूप आले. कोणी ढुंकून न पाहिलेली टेकडी आणि दरबाराने टाकून दिलेला माणूस, यांचे नाते त्यांत सुचविलेले असते. वांग आन्शी यांना असले सूचन मान्य नसावे. ते सरळ युक्तिवाद करतात. त्यांच्या लेखाचा अर्धाअधिक भाग डोंगरावर नाहीच. तो बाहेर आल्यानंतरच्या मनःस्थितीवर आहे.

लेखाचा प्रारंभ नावापासून होतो. बाओचान डोंगराला हुआशान असेही म्हणतात. थांग राजवटीत हुईबाओ नावाच्या बौद्ध भिक्षूने त्याच्या पायथ्याशी वास्तव्य केले व तेथेच त्याची समाधी झाली, म्हणून डोंगराला त्याचे नाव पडले. त्याच्या समाधीशेजारच्या विहारापासून पाच ली पूर्वेला (ली म्हणजे सुमारे अर्धा किलोमीटर) एक गुहा आहे. गुहेपासून शंभरेक पावलांवर एक शिलालेख वाटेत आडवा पडलेला आहे. त्यावरील मजकूर झिजून गेला आहे. फक्त डोंगराच्या नावाची दोन अक्षरे वाचता येतात, आणि त्यांचा अर्थ होतो 'फुलांचा डोंगर'. वांग लगेच नोंदवितात की, लोक त्या नावातील पहिला शब्द वैभव, तेज अशा अर्थाच्या शब्दासारखा उच्चारतात, तो उच्चार चुकीचा आहे. प्रथम वाचताना आम्हांला हा मजकूर अस्थानी वाटला. गुहेकडे निघालेल्या माणसाने वाटेतल्या मोडक्या दगडाच्या व्याकरणात का अडकावे? त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी मिळते, आणि तेही अर्धेच मिळते.

गुहा दोन आहेत. खालची सपाट, मोकळी. बाजूने झरा वाहतो. तेथे येऊन भिंतीवर नावे लिहून जाणाऱ्यांची संख्या मोठी. डोंगरावर पाच-सहा ली चढून गेले की दुसरी गुहा लागते. ती अंधारी आणि खोल, आत पाऊल टाकताच थंडी भरावी अशी. तिचा अंत कोठे, हे भटकंतीची हौस असणाऱ्यांनाही सांगता येत नाही. वांग आणि त्यांचे चार सोबती मशाली घेऊन आत गेले. जसजसे आत जावे तसतसे पाऊल टाकणे कठीण होई, आणि समोरचे दृश्य अधिकाधिक अद्भुत होई. मग कंटाळलेला कोणी एक म्हणाला की, आता परतलो नाही तर मशाली विझतील. त्याचे ऐकून सगळेच बाहेर आले.

बाहेर आल्यावर वांग हिशेब मांडतात. निष्णात भटके जेथवर जातात त्याच्या एक दशांशही आपण गेलो नव्हतो. तरीसुद्धा तेथील भिंतींवर डावी-उजवीकडे पाहिले तर नावे लिहून गेलेली माणसे थोडीच होती. त्याहून आत गेलेली तर आणखी थोडी असणार. आणि मग मुख्य गोष्ट येते: परतलो त्या क्षणी आपल्या पायांत पुढे जाण्याइतके बळ होते आणि मशालीत उजेड देण्याइतके तेलही होते.

येथे लेखकाने जे केले आहे ते सहज नजरेतून सुटते. बाहेर आल्यावर सोबत्यांपैकी काहींनी परतू म्हणणाऱ्याला दोष दिला. वांग हे नोंदवितात आणि लगेच स्वतःकडे वळतात. आपल्याला पश्चात्ताप झाला तो त्याने सुचविल्याचा नव्हे, आपण त्याच्या मागे गेल्याचा. शिवाय लेखाच्या अखेरीस चारही सोबत्यांची नावे गावासकट दिलेली आहेत: लूलिंगचे श्याओ जुन्ग्वेई, छांगलचे वांग हुई, आणि लेखकाचे दोघे धाकटे भाऊ, आन्ग्वो व आन्शांग. मात्र यांपैकी 'परतू या' असे कोण म्हणाले, ते नाव लेखात नाही. पाचशे अक्षरांत मोडक्या शिळेवरच्या उच्चाराला जागा आहे, चौघांच्या टोपणनावांना जागा आहे. त्या एका नावाला नाही. ते विसरले असतील हे संभवत नाही.

आमच्या धंद्यात, धंदा म्हटल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी, या गोष्टीचे मोल चटकन कळते. पापनिवेदनाला गुडघे टेकणारा माणूस पुष्कळदा आधी शेजाऱ्याचे पाप सांगतो, मग सुनेचे किंवा सासूचे, मग वाटणीत फसविणाऱ्या भावाचे, आणि स्वतःच्या पापापाशी येईतो रांगेतली माणसे चुळबुळ करू लागतात. सेमिनरीत आम्हांला शिकविले होते की, निवेदन करणाऱ्याने दुसऱ्याचे नाव घेऊ नये. शिकविणे सोपे आहे. एका बिगर-ख्रिस्ती चिनी अधिकाऱ्याने, पापनिवेदनाचा संस्कार कानावरूनही न गेलेल्या माणसाने, हा नियम आपल्या स्वभावातूनच पाळला हे पाहून आम्ही तो परिच्छेद पुन्हा वाचला.

यानंतरचे चिंतन हा लेखाचा गाभा. जेथे वाट सपाट आणि जवळची तेथे गर्दी. जेथे ती बिकट आणि लांबची तेथे तुरळक माणसे. आणि जगातील असामान्य दृश्ये नेमकी तेथेच असतात. तेथवर पोचायला प्रथम 'झी' पाहिजे. हा शब्द मराठीत आणताना आम्ही अडखळलो. इंग्रजी भाषांतरांत कोठे इच्छाशक्ती, कोठे महत्त्वाकांक्षा अशा अर्थाचे शब्द आढळतात. महत्त्वाकांक्षा हा शब्द आपल्या घरांत सध्या फार प्रतिष्ठेचा आहे. मुलाला दहावीत किती टक्के पडले यावरून ती त्याच्यात आहे की नाही हे ठरते. शुभवर्तमानात मात्र जब्दीच्या मुलांची आई येशूजवळ आपल्या मुलांसाठी उजवीकडची आणि डावीकडची आसने मागायला येते, तेव्हा तिला काय उत्तर मिळाले ते आपण जाणतो. वांग यांच्या शब्दात आसनाचा विचार नाही. मनाने एकदा धरलेली दिशा, असा त्याचा भाव आहे. 'संकल्प' हा शब्द आम्हांला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो. मिस्सेत आपण नेहमी ऐकतो तोच.

संकल्प असला की माणूस इतर थांबले म्हणून थांबत नाही. पण बळ कमी पडले तर तोही पोचत नाही. संकल्प आणि बळ दोन्ही असून अंधाऱ्या, चकव्याच्या जागी हाताशी साधन नसेल तरी तो पोचत नाही. येथवर हा विचार कोणत्याही शिक्षकाने सांगितला असता. वांग पुढे जे म्हणतात ते मात्र सहसा कोणी म्हणत नाही. बळ पुरेसे असून जो पोचला नाही तो लोकांच्या हसण्याचा विषय होतो आणि स्वतःशी झुरत राहतो. ज्याने आपला संकल्प पणाला लावला व तरीही जो पोचला नाही, त्याला झुरण्याचे कारण नाही आणि त्याला कोणी हसूही नये. म्हणजे यश आणि अपयश ही विभागणीच त्यांनी बाजूला सारली. दोन्ही माणसे अपयशीच आहेत. फरक त्या दोघांमधला आहे.

लूकच्या शुभवर्तमानातील बुरूज बांधणाऱ्याचा दाखला येथे आठवल्यावाचून राहत नाही. पाया घातला आणि काम अर्धवट राहिले, तेव्हा पाहणारे हसू लागले. तेथेही हसणे आहे, येथेही आहे. परंतु दाखल्यातील माणसाची चूक आधी बसून खर्चाचा हिशेब न करण्याची होती. वांग यांचा हिशेब आधी चुकलेला नाही, तो वाटेतच कोणाच्या तरी सांगण्यावरून चुकला. मशालीत तेल किती आहे हे पाहण्यासाठी मशालीकडे पाहावे लागते. ते पाचांपैकी कोणी केले नाही. थकलेल्या माणसाचा अंदाज सगळ्यांनी खरा धरला.

पाश्चात्त्य वाङ्मयात याच्या जोडीला ठेवावा असा लेख म्हणजे पेत्रार्काचे व्हाँतू पर्वताच्या चढाईवरील पत्र. १३३६ च्या एप्रिलमध्ये आपला धाकटा भाऊ घेरार्दो याच्यासह तो त्या शिखरावर गेला. भाऊ सरळ चढणीने वर चढला. पेत्रार्का सोपी वाट शोधत खालीच घुटमळत राहिला आणि दुप्पट दमला. पण अखेरीस पोचला. वर गेल्यावर खिशातले संत ऑगस्टीनचे 'कन्फेशन्स' उघडले आणि डोंगर पाहत बसल्याबद्दल त्याला स्वतःचाच राग आला. घेरार्दो पुढे कार्थुसियन मठात गेला. पेत्रार्काचे पत्र अधिक विद्वत्तेचे आहे, अधिक सुंदरही आहे. तरी आमचे मत विचाराल तर शिखरावर पोचून खंत करणाऱ्यापेक्षा न पोचता खंत करणाऱ्याच्या शब्दांवर आमचा विश्वास अधिक बसतो. पेत्रार्का आपल्याकडे कोणी पाहत आहे हे क्षणभरही विसरत नाही.

आता त्या आडव्या पडलेल्या शिळेकडे. लेखाच्या अखेरीस वांग तिच्याकडे परत येतात आणि म्हणतात की, जुने ग्रंथ टिकले नाहीत, पुढच्यांनी चुकीचेच पुढे नेले, आणि खरे नाव सांगणारा कोणी उरला नाही. म्हणून अभ्यासकाने खोल विचार करावा आणि पारखून घ्यावे. दोन विषय एका लेखात कोंबले आहेत असा आक्षेप येथे कोणी घेईल. आमच्या मते दोन्हीकडे दोष एकच आहे. आधीचा जेथे थांबला तेथे मागचाही थांबतो, मग ते गुहेतले वळण असो की शिळेवरचे अक्षर. एवढे मात्र खरे की, वांग यांनी हा दुवा उघड करून दाखविला नाही, आणि शिळेचा परिच्छेद त्यामुळे घाईचा झाला आहे.

हाच विषय सू शी यांनी तीस वर्षांनंतर अधिक रंगतदार केला. हुखौ येथे, जेथे फोयांग सरोवर यांग्त्से नदीला मिळते तेथे, 'घंटेचा दगड' अशा नावाचा एक डोंगर आहे. हे नाव का पडले याचे जुन्या पुस्तकांतले स्पष्टीकरण सू शींना पटेना. विहारातील भिक्षूने एका पोराच्या हाती कुऱ्हाड देऊन दगडांवर ठोके मारून दाखविले, तेव्हा त्यांना हसूच आले. १०८४ च्या सहाव्या महिन्यात चांदण्या रात्री थोरल्या मुलाला घेऊन ते एका लहान होडीतून कड्याखाली गेले. वरती कडा श्वापदासारखा वाकलेला, बहिरी ससाणे चीत्कारत उडालेले, कोठून तरी म्हातारा खोकत-खोकत हसावा तसा पक्ष्याचा आवाज. सू शी कबूल करतात की, त्यांनाही परतावेसे वाटले. इतक्यात पाण्यातून घंटानाद सुरू झाला. नावाडी घाबरला. सू शी थांबले आणि त्यांनी पाहिले की, कड्याच्या तळाशी कपारी आहेत व लाटा त्यांत शिरून हा नाद करतात. स्वतः पाहिल्या-ऐकल्यावाचून निर्णय देऊ नये, असा त्यांचा निष्कर्ष. गंमत अशी की, पुढे मिंग आणि छिंग काळातील अभ्यासक पाणी ओसरले असताना तेथे गेले तेव्हा डोंगर आतून घंटेसारखा पोकळ असल्याचे त्यांना दिसले. म्हणजे सू शीही एका वळणावर थांबलेच होते. त्यांचा लेख वाचताना मजा अधिक येते. वांग यांचा लेख वाचून झाल्यावर टोचत राहतो.

आमचे खरे मतभेद येथून सुरू होतात. गुहेतून परतलेल्या या माणसाचे पुढे काय झाले, हे इतिहासाला चांगले ठाऊक आहे. चार वर्षांनी, १०५८ मध्ये, त्यांनी सम्राटाला राज्यकारभाराच्या सुधारणेवर एक प्रदीर्घ निवेदन सादर केले. १०६९ मध्ये शेन्झोंग सम्राटाने त्यांना मंत्रिमंडळात घेतले आणि पुढच्या वर्षी ते प्रधान झाले. त्यांनी आणलेले 'नवे कायदे' चीनच्या इतिहासात गाजले. त्यांपैकी एक आपल्याकडील शेतकऱ्याला लगेच समजेल. पेरणीच्या वेळी, पीक हिरवे असताना, शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जावे लागते; तर सरकारनेच त्याला शेकडा वीस व्याजाने कर्ज द्यावे व ते कापणीला परत घ्यावे. सावकाराचा दर याहून पुष्कळ अधिक असे. हेतू निर्मळ होता. वांग स्वतः इतके निरिच्छ की त्यांच्या मळक्या कपड्यांच्या गोष्टी आजही सांगतात. पण खालच्या अधिकाऱ्यांनी आकडे भरण्यासाठी ज्यांना नको त्यांच्याही गळ्यात कर्ज बांधले. सीमा ग्वांग यांच्यासारख्या जुन्या स्नेह्याने लांबलचक पत्र लिहून थांबण्यास विनविले. वांग यांनी थोडक्यात उत्तर दिले. चुकीचे युक्तिवाद खोडून काढणे म्हणजे सल्ला धुडकावणे नव्हे, असा त्याचा आशय. १०७४ मध्ये दुष्काळ पडला. राजधानीच्या वेशीवरील झेंग शिया नावाच्या लहानशा अधिकाऱ्याने रस्त्यांवरून लोटणाऱ्या उपाशी निर्वासितांचे चित्र काढवून सम्राटापर्यंत पोचविले. वांग यांना पद सोडावे लागले. पुढच्या वर्षी ते परत आले आणि १०७६ मध्ये कायमचे गेले. त्याच वर्षी त्यांचा मुलगा वारला.

या काळात त्यांना विरोध करणाऱ्यांत एक नाव आन्ग्वो यांचे आहे. होय, गुहेत मशाल धरून बरोबर असलेला तोच धाकटा भाऊ. लोक त्रासलेले आहेत, असे त्याने थोरल्या भावाला परोपरीने सांगितले. पुढे भावाच्याच पक्षातील ल्यू हुईचिंग याने झेंग शियाच्या प्रकरणात गोवून त्याला पदावरून दूर केले, आणि थोड्याच काळात तो मरण पावला. १०५४ मध्ये 'परतू या' म्हणणारा तोच होता, असे सुचविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. लेखकाने जे झाकले ते आम्ही कशाला उघडावे? परंतु तरुणपणी एका कंटाळलेल्या सोबत्याचे ऐकल्याची खंत ज्याने एवढ्या निष्ठेने जपली, त्याने पन्नाशीत कोणाही सोबत्याचे ऐकायचे नाही असे ठरवून टाकले होते की काय, ही शंका मनातून जात नाही. मशाल खरोखरच विझत आली आहे असे सांगणारे त्या वेळी पुष्कळ होते.

म्हणून त्यांच्या हिशेबात आम्हांला एक रकाना रिकामा दिसतो. संकल्प, बळ, साधन ही तीन त्यांनी मोजली. सोबत मोजली नाही. पाच माणसे गुहेत शिरली. त्यांतला एक थकला. त्याचे काय करायचे होते? त्याला अंधारात एकटे सोडून चौघांनी पुढे जायचे, की एकाने मशाल घेऊन त्याला दारापर्यंत पोचवायचे आणि उरलेल्यांनी वाट पाहायची? लेखात हा प्रश्न उद्भवतच नाही. तेथे थकलेला माणूस म्हणजे केवळ अडथळा. धर्मग्रामात इतकी वर्षे काढल्यावर आम्ही त्या थकलेल्या माणसाची बाजू घेतल्यावाचून राहू शकत नाही. तो नेहमीच आळशी नसतो. कधी त्याला घरी आजारी आई असते. आणि 'मी सर्वस्व पणाला लावले, आता मला खंत नाही' हे वाक्य माणसाने स्वतःच स्वतःबद्दल उच्चारावे, हेही आम्हांला जड जाते. संत पौलाने आपली धाव पुरी केल्याचे लिहिले खरे, पण निकाल न्यायाधीशाकडे सोपवून लिहिले. वांग यांच्याकडे असा न्यायाधीश नाही; त्यांचे न्यायासन त्यांच्याच अंतःकरणात आहे. तेथे ते कमालीचे प्रामाणिक आहेत, आणि एकटे आहेत.

१०८४ च्या उन्हाळ्यात, घंटेच्या डोंगरानंतर अल्पावधीतच, सू शी नानजिंग येथे वांग यांना भेटले. सू शींनी नव्या कायद्यांवर टीका केली होती, आणि त्या कायद्यांच्या कैवाऱ्यांनी त्यांच्यावर खटला भरून त्यांना हद्दपार केले होते. वांग म्हातारे झालेले, गाढवावर बसून डोंगरात फिरणारे, राहते घर विहाराला देऊन टाकलेले. दोघे काही दिवस बरोबर फिरले, कवितांविषयी बोलले. दोन वर्षांनी वांग वारले, तेव्हा सीमा ग्वांग एकेक नवा कायदा रद्द करीत होते.

वांग यांच्या लेखाला योग्य उत्तर आम्हांला मिळाले ते चीनच्याच वाटेवर, पण एका कॅथलिक प्रवाशाच्या वृत्तान्तात. बेंतो द गोइश हा अझोर्स बेटांवरचा पोर्तुगीज सैनिक भारतात आला व गोव्यात येशूसंघात ब्रदर म्हणून दाखल झाला. अकबराच्या दरबारातील येशूसंघीयांपाशी तो होता. मार्को पोलोने वर्णिलेला 'कॅथे' नावाचा देश आणि मातेओ रिची राहत होते तो चीन, हे एक की दोन, असा वाद त्या काळी होता. एका शिळेवरचे नाव कसे वाचायचे, तसलाच हा प्रश्न. खुष्कीच्या वाटेने जाऊन तो सोडविण्यासाठी गोइश ऑक्टोबर १६०२ मध्ये आग्र्याहून निघाला. अर्मेनियन व्यापाऱ्याचा वेष घेऊन लाहोर, काबूल, पामीरचे पठार, यारकंद असे करीत १६०५ च्या अखेरीस तो चीनच्या भिंतीआतील सुचौ गावी, म्हणजे आजच्या ज्यूच्वानला पोचला. वाटेतच, बेजिंगहून परतणाऱ्या व्यापाऱ्यांशी बोलून, कॅथे म्हणजेच चीन हे त्याला कळून चुकले होते. पण सुचौहून पुढे जाण्याचा परवाना मिळेना. रिचींनी पाठविलेला एक चिनी ब्रदर मार्च १६०७ च्या अखेरीस त्याच्यापाशी पोचला. ११ एप्रिल रोजी गोइश मरण पावला. बेजिंग अजून काही महिन्यांच्या वाटेवर होते.

त्याने लिहिलेली दैनंदिनी काफिल्यातील लोकांनी फाडून टाकली. तीत त्यांनी घेतलेल्या कर्जांच्या नोंदी होत्या असे सांगतात. उरलेल्या चिंध्यांवरून रिचींनी त्या प्रवासाचा वृत्तान्त जुळविला. गाळलेल्या जागा भरायला त्यांच्याजवळ एकच साक्षीदार होता: इसहाक नावाचा अर्मेनियन. लाहोरहून निघालेल्या सोबत्यांपैकी शेवटपर्यंत टिकलेला तोच. पामीरच्या बर्फात तो गोइशबरोबर होता, सुचौच्या सराईत तो गोइशच्या उशाशी होता. परतू या, असे त्याला कधी वाटले की नाही, हे वृत्तान्तात नाही. बेजिंगला महिनाभर राहून त्याने आठवेल ते सांगितले. मग मकाववरून समुद्रमार्गे तो भारताकडे निघाला, वाटेत डच गलबताच्या तावडीत सापडला, सुटला, आणि इकडे आल्यावर त्याला कळले की लाहोरला त्याची बायको वारली आहे. तेव्हा तो तिकडे गेलाच नाही. आपल्या रेवदंड्याजवळच्या चौल बंदरात तो स्थायिक झाला, आणि रिचींचा ग्रंथ १६१५ मध्ये आउग्सबुर्ग येथे छापून निघाला तेव्हा तो तेथे हयात असल्याचे त्यात नमूद केले आहे.